ताईच्या बोटांवर प्लास्टर नव्हतं

फेब्रुवारीतला मंगळवार होता. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या संधिवात विभागात सकाळी पावणेअकराला आमचा नंबर लागला. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि ताईच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. कातडी चिमटीत आली नाही.

“एएनए पॉझिटिव्ह आहे,” त्या म्हणाल्या. “पॅटर्न न्यूक्लिओलर. हात बघून जी शंका होती तीच खरी. सिस्टेमिक स्क्लेरोसिस. जुनं नाव स्क्लेरोडर्मा.”

ताईने विचारलं, “कॅन्सर?”

“नाही.”

“महारोग?”

“नाही. तुमच्यापासून कोणाला लागणारही नाही.”

“मंग बरा होईल.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आटोक्यात ठेवता येईल. बरा होईल असं मी म्हणणार नाही.”

स्क्लेरो म्हणजे कठीण, डर्मा म्हणजे त्वचा. शरीरात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्वचेला आणि आतल्या अवयवांना ते बांधून ठेवतं. या आजारात ते गरजेपेक्षा जास्त तयार होतं आणि साठत जातं. त्वचा ताठ होते. काहींच्या बाबतीत अन्ननलिका, फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही ताठरतात. कोणाचं कुठवर जाईल हे पहिल्या तीन-चार वर्षांत बहुतेक कळतं, असं मॅडम म्हणाल्या.

त्या टेबलापर्यंत पोचायला आम्हाला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत लक्षणं रोज सगळ्यांसमोर होती. एक तर वर्तमानपत्रात छापून आलं होतं. असा आजार घरात असलेल्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण शैला. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. लग्नानंतर पेणला आली आणि तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात लागली. गेली बारा वर्षं ती आखणी करत होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. अंगाचा रंग, पितांबर, दागिने वेगवेगळ्या हातांनी होतात. डोळे मात्र दोघा-तिघांनाच करू देतात. भावोजी धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये होते. मी रोह्याजवळ वरसेला राहत होतो आणि एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. माझ्या वेळा मोकळ्या, म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या.

आखणी वर्षभर नसते. दिवाळीनंतर कारखान्यात कच्च्या मूर्ती निघतात आणि आखणीवालेही साच्यात प्लास्टर ओततात. डिसेंबर-जानेवारीत हात सकाळपासून गार पाण्यात आणि प्लास्टरमध्ये असतात. त्या दिवसांत कारखान्यातल्या प्रत्येकाची बोटं पांढरी असतात.

ताईची बोटं हात धुतल्यावरही पांढरी राहत होती. आधी पांढरी, मग निळसर, मग लाल, आणि लाल होताना झिणझिण्या. याला रेनॉड्स फिनॉमिनन म्हणतात. गारठ्याने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त पोचेनासं होतं. कारखान्यातल्या बायकांचं निदान वेगळं होतं. प्लास्टर कातडीत मुरलं, असं त्या म्हणत. त्यावर खोबरेल लावायचा सल्ला होता. ताईने दोन हिवाळे खोबरेल लावलं.

दुसऱ्या वर्षी बोटं सुजल्यासारखी झाली. अंगठी निघेना, ती कापून काढली. तिसऱ्या वर्षी सूज उतरली आणि कातडी घट्ट झाली. मूठ वळेना. याच वर्षी कारखान्याचे मालक अण्णा सगळ्यांना ताईचं काम दाखवत होते. “रेघ बघा शैलाची. हात हलत नाय तिचा.” हात हलत नव्हता हे खरंच होतं.

चेहऱ्याचंही तसंच झालं. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गाल गुळगुळीत झाले. शेजारणी विचारायच्या, “काय लावतेस गो तोंडाला?” तोंड पूर्वीइतकं उघडत नाही आणि भाकरीचा घास छातीत अडकतो, हे ताईने कोणाला सांगितलं नाही. विचारलंही नव्हतं कोणी.

जानेवारीत एका बोटाच्या टोकाला जखम झाली. ती भरेना, तेव्हा पेणच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखम पाहिली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले. मग एका स्टीलच्या वाटीत फ्रिजमधलं पाणी मागवून त्यात तिची बोटं बुडवली. दीड मिनिटात बोटं पांढरी पडली. “हे माझ्या हातातलं नाही,” ते म्हणाले आणि मुंबईची चिठ्ठी दिली. तीन वर्षांत ताईच्या हाताकडे हात म्हणून पाहणारे ते पहिले.

मुंबईत पहिल्या भेटीत मॅडमनी विचारलं, “बोटं पांढरी पडायला कधीपासून लागली?”

ताई म्हणाली, “यंदाच्या थंडीत.”

मला खात्री नव्हती. पुढच्या भेटीला मी एक फोटो घेऊन गेलो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत कारखान्यावर लेख करायला गेलो होतो तेव्हा मीच तो काढला होता. ताई साच्यातून मूर्तीचा हात सोडवते आहे. गणपतीच्या पुरवणीत तो फोटो छापून आला. खाली ओळ होती, ‘प्लास्टरने पांढरी झालेली कष्टाची बोटे’.

मॅडमनी मूळ प्रत खिडकीजवळ नेली. तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पांढरंफेक होतं आणि तिथे पांढरा रंग कापल्यासारखा संपत होता. अंगठा नेहमीच्या रंगाचा होता. मॅडम म्हणाल्या, “प्लास्टर असं एका रेषेत थांबत नाही. अंगठ्याला सोडतही नाही.” केसपेपरवर त्यांनी आजाराच्या सुरुवातीचं वर्ष खोडलं आणि तीन वर्षं मागचं लिहिलं. फोटोखालची ओळ माझी होती. ती चूक होती. छापलेल्या चुकीची दुरुस्ती छापावी लागते, म्हणून ती इथे करतो आहे.

आता एएनएबद्दल. पूर्ण नाव अँटी-न्यूक्लिअर अँटीबॉडी. अँटीबॉडी म्हणजे शरीराने जंतूंशी लढायला बनवलेली प्रथिनं. काहींच्या रक्तातल्या अँटीबॉडी जंतू सोडून स्वतःच्याच पेशीच्या केंद्रकावर, म्हणजे न्यूक्लिअसवर, नेम धरतात. केंद्रकाच्या नेमक्या कुठल्या भागावर नेम आहे, त्याला पॅटर्न म्हणतात. ताईच्या अँटीबॉडींचा नेम केंद्रकाच्या आतल्या एका ठिपक्यावर होता. त्या ठिपक्याला न्यूक्लिओलस म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव केंद्रकी.

निदानाच्या दिवशी ताईने एकच प्रश्न तीनदा विचारला. तो ठिपका कुठं असतो? तिसऱ्यांदा विचारल्यावर मॅडम उठल्या. ओपीडी संपत आली होती. त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत नेलं. काळा पडदा लावलेली एक खोली होती. सूक्ष्मदर्शकात ताईचीच काच लावलेली होती. ताईने चष्मा काढला आणि डोळा लावला.

काळ्यावर हिरवं दिसत होतं. नंतर मीही पाहिलं. अंधुक गोळे, आणि प्रत्येक गोळ्याच्या आत दोन-तीन चमकदार हिरवे ठिपके.

ताई म्हणाली, “या माझ्या पेशी?”

“नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्याच पेशी आहेत. त्यांच्यावर तुमच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, ओतलं. त्यातली अँटीबॉडी जिथे चिकटली तिथे हिरवा रंग दिसतो.”

“म्हंजे परक्याच्या घरात जाऊन माझं रक्त खुणा करून आलंय.”

“तसंच.”

ताईने काच सरकवायला सांगितली. ती एकेक गोळा बघत होती. “सगळे ठिपके सारखे नायत. कोणाचा मोठा, कोणाचा बारीक. आणि हा एक बिनठिपक्याचा हाय.”

मॅडमनी तिला बाजूला व्हायला सांगून स्वतः पाहिलं. “बरोबर. ही पेशी विभागते आहे. विभागताना न्यूक्लिओलस विरघळतो. एकीच्या दोन पेशी झाल्या की दोघींत तो पुन्हा तयार होतो. हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पायजे? बारा वर्सं तेच करत्येय. एका तोंडावर डोळ्यातला ठिपका द्यायचा राहिला तर गिऱ्हाईक लांबून वळखतं.”

मॅडम स्टुलावर बसल्या. रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी एक वर्तुळ काढलं आणि पुढची दहा मिनिटं समजावून सांगितलं. मी ते वहीत उतरवलं. त्यातलं महत्त्वाचं असं.

न्यूक्लिओलसला स्वतःची भिंत नसते. गुणसूत्रांच्या काही ठरावीक जागांभोवती तो जमतो. त्याचे तीन थर असतात. मधोमध फिकट केंद्रं, त्यांच्याभोवती दाट तंतू, सर्वांत बाहेर कण. काम आतून बाहेर सरकतं. आत गुणसूत्रावरच्या मजकुराची नक्कल निघते. तिला आरएनए म्हणतात. दाट तंतूंच्या भागात ती कापून नीट होते. कणांच्या भागात तिला पेशीतून आलेली प्रथिनं जोडली जातात. असे दोन भाग तयार होतात, एक लहान, एक मोठा. केंद्रकाच्या भोकांतून ते वेगवेगळे बाहेर पडतात आणि बाहेर एकत्र येतात. त्या जोडीचं नाव रायबोसोम. शरीरातली सगळी प्रथिनं रायबोसोम बनवतात. ज्या पेशीला काम जास्त, तिचा न्यूक्लिओलस मोठा.

ताई म्हणाली, “आमच्यासारखंच चाललंय की. आत साच्यातनं काढायचं, मग घासायचं, मग हातपाय जोडायचे न् भायेर धाडायचं.”

“हो. पण इथून बाहेर जातात त्या मूर्ती नव्हेत,” मॅडम म्हणाल्या. “कारागीर जातात. मूर्ती, म्हणजे प्रथिनं, ते बाहेर बसून घडवतात.”

“म्हंजे हा कारागीर घडवायचा कारखाना.”

“हो.”

“मंग माझं रक्त त्याच्या मागं का लागलंय?”

“हे अजून कोणालाच माहीत नाही. आणखी एक सांगते. जिवंत पेशीच्या आत अँटीबॉडी सहसा शिरत नाही. काचेवरच्या पेशींना आम्ही भोकं पाडलेली असतात. त्यामुळे हे ठिपके आजाराची खूण आहेत. तेच आजाराचं कारण आहेत असं सिद्ध झालेलं नाही.”

मी त्यांना प्लास्टरच्या धुळीबद्दल विचारलं. काही प्रकारच्या धुळीशी या आजाराचा संबंध दिसतो, पण ताईच्या बाबतीत तसं म्हणायला पुरावा नाही, असं उत्तर मिळालं. धूळ टाळा, कारण फुप्फुसं जपायची आहेत, इतकंच त्या ठामपणे म्हणाल्या.

मग सूचना. गार पाण्यात हात नाही. लोकरी हातमोजे. बोटांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहाव्यात म्हणून निफेडिपिन. त्वचेसाठी डी-पेनिसिलामाइन, आणि त्याबरोबर नियमित लघवी तपासणी. रोज कोमट मेणात हात बुडवून बोटांचा व्यायाम. आठवड्यातून दोनदा रक्तदाब मोजून लिहून ठेवायचा. या आजारात मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळल्या तर रक्तदाब अचानक चढतो. “चढला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं,” मॅडम म्हणाल्या. ही औषधं ताईची आहेत. प्रत्येकाची वेगळी असतात.

“मिश्री लावता?”

ताईने मान खाली घातली. लावत होती, चौदाव्या वर्षापासून. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, बोटं झडू शकतात, असं मॅडमनी सांगितलं. परतताना पनवेल स्टँडवर एसटी थांबली तेव्हा ताई खाली उतरली, मिश्रीची डबी कचऱ्यात टाकली आणि परत येऊन बसली. नंतर तिने मिश्रीचं नाव काढलं नाही.

उठण्याआधी तिने मॅडमना एक प्रश्न विचारला होता. “आखणी होईल का?”

“सांगता येत नाही. कातडी आणखी घट्ट झाली तर बोटं वाकतील आणि तशीच राहतील.”

“किती महिने हायत?”

गणपतीला सात महिने होते.

पेणला अण्णांशी बोलणं झालं ते कारखान्याच्या दारात. आत घासकाम चालू होतं. कच्ची मूर्ती पॉलिश पेपरने घासतात, त्याची धूळ बाहेरपर्यंत येते. ताईने तोंडाला फडकं बांधलं होतं आणि हातात लोकरी मोजे होते. पेणला ते मिळाले नव्हते, मुंबईहून आणले होते.

एक बाई आतून ओरडली, “शैलाबाय, काश्मीरला निघालीस का गो?”

“तिकीट काढलंय. तुझंपण काढू?” ताई म्हणाली.

मी अण्णांना सांगितलं की तिला धुळीत बसता येणार नाही. रंगवलेल्या मूर्ती तिच्या घरी पाठवल्या तर ती डोळे करून देईल.

अण्णा सत्तरीचे होते. त्यांनी मान हलवली. “बिनडोळ्याची रंगवलेली मूर्ती आमच्या उंबऱ्याबाहेर जात नाय. कच्च्या जातात, त्यांचं वेगळं. रंग चढला की डोळे हितंच. दोन्ही डोळे एका हातानं, एका बैठकीत. मधी उठायचं नाय. माझ्या बापाचा रिवाज हाय.”

“तिची तब्येत...”

“तब्येत कळते मला. मी तिला कामावरनं काढलंय का? यंदा घरी र्‍हा म्हणतो. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी हे वाकलेले असतील,” ताईने मोजे घातलेले हात पुढे केले. “मंग काय त्यांना शेंदूर लावू?”

दोन दिवसांनी अण्णांचा निरोप आला. घासकाम मागच्या पडवीत हलवलं आहे. श्रावण लागायच्या आत घासकाम संपेल, मग शैलाने यावं. डोळे उंबऱ्याच्या आतच होतील.

मार्च ते जून ताईचा दिवस असा जायचा. सकाळी मेण. पातेल्यात मेण विरघळवायचं, कोपराला सोसेल इतकं कोमट झालं की हात पाच वेळा बुडवायचे, मेणाचा मोजा पंधरा मिनिटं ठेवायचा आणि सोलून काढायचा. मग बोटं एकेक करून टेबलावर सपाट दाबायची. तोंडासाठी वेगळा व्यायाम. आरशासमोर जबडा उघडायचा आणि फूटपट्टीने मोजायचं. मार्चमध्ये पस्तीस मिलिमीटर, जूनमध्ये अडतीस.

बोटं मात्र सुधारली नाहीत. मधल्या पेरांत ती वाकडी राहू लागली. ब्रश धरता येत होता, फिरवता येत नव्हता. पापणीची वळणदार रेघ बोटांच्या पेरांतून येते. ती येईना.

मे महिन्यात ताईने बाजारातून सहा मडकी आणली. कारखान्यातला एक फिरता पाट मागून घेतला. मूर्ती रंगवताना चारी बाजूंनी हात पोचावा म्हणून मूर्ती असल्या पाटावर ठेवतात. ब्रशच्या दांड्याला तिने जुन्या साडीची पट्टी गुंडाळून तो अंगठ्याएवढा जाड केला. मनगट एका फळीवर टेकवलं. उजवा हात जागेवर ठेवला आणि डाव्या हाताने पाट फिरवला. ब्रश जागच्या जागी, मडकं खालून सरकणारं. पहिल्या दिवशी डोळ्याऐवजी वांगं झालं. हा तिचाच शब्द.

पंधरा दिवसांत सहाही मडक्यांवर जागा उरली नाही. ती ओल्या फडक्याने पुसून पुन्हा सुरू करायची. आळीत बोललं जाऊ लागलं, “शैलाकडं पाणी प्यायला जाऊ नका गो, तिची मडकी टक लावून बघतात.”

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी, ताईचं डोकं दुखायला लागलं. ती मडकं रंगवत होती. रेघ दुहेरी दिसते म्हणाली. भावोजी पहिल्या शिफ्टला गेले होते. गुरुवार रक्तदाब मोजायचा वार नव्हता, तरी ती स्वतः चालत पेणच्या डॉक्टरांकडे गेली. वहीत पाच महिन्यांचे आकडे होते. सगळे एकशे दहा, एकशे पंधराच्या आसपास. त्या सकाळी वरचा आकडा एकशे चौऱ्याऐंशी होता, खालचा एकशे सोळा.

डॉक्टरांनी एसटीडी बूथवरून मॅडमना फोन लावला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कॅप्टोप्रिलची पहिली गोळी तिथेच दिली आणि जीप करून तिला पाठवलं. माझ्या घरी फोन नव्हता. शेजारी निरोप आला. मी रोह्याहून निघालो आणि दुपारी तीनला वॉर्डात पोचलो.

याला स्क्लेरोडर्मा रीनल क्रायसिस म्हणतात. रीनल म्हणजे मूत्रपिंडाचं. कॅप्टोप्रिल ज्या गटातलं औषध आहे तो गट येण्याआधी यातून फार थोडे वाचत, असं मॅडमनी मला व्हरांड्यात सांगितलं. मूत्रपिंडाचं काम क्रिएटिनिन नावाच्या तपासणीने कळतं. ताईचं नेहमी एकच्या खाली असायचं. त्या दिवशी दोन पूर्णांक चार होतं. चौथ्या दिवशी तीन पूर्णांक एक झालं. पाचपर्यंत गेलं तर डायलिसिस करावं लागेल, असं सांगून माझ्या सहीसाठी कागद तयार ठेवला होता.

व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी मी त्यावर बसून रिपोर्टची वाट पाहिली. तीन पूर्णांक एक. तीन. दोन पूर्णांक आठ. कागदावर सही करावी लागली नाही.

आठव्या दिवशी ताई उठून बसली. पहिला प्रश्न, “श्रावण कधी लागतो?”

मॅडम राऊंडवर होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही आत्ता किती जवळून परत आलात, कल्पना आहे?”

“हाय. म्हणून तर घाई.”

सोळाव्या दिवशी तिला घरी सोडलं. क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊवर थांबलं होतं. पूर्वीच्या जागी ते परत येईलच असं नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या तीनदा, मीठ कमी, रक्तदाब आता रोज. आखणीबद्दल त्या म्हणाल्या, “एका वेळी वीस मिनिटं. बोटं पांढरी पडली की काम बंद, हात कोमट पाण्यात. माझ्याशी घासाघीस करू नका.”

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ताई कारखान्यात गेली. घासकाम संपलं होतं, जमीन पुसलेली होती. अण्णांनी तिच्यासाठी दीड फुटाची मूर्ती काढून ठेवली होती. फिरत्या पाटावर ती आधीच बसवलेली होती. आत सहा जण होते. आखणीच्या वेळी तिथे बोलत नाहीत.

बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि हवेत गारठा होता. तिने मनगट फळीवर टेकवलं. डाव्या हाताने पाट हलवला. उजव्या डोळ्याची वरची पापणी झाली. मग खालची. मग बुबुळ. मी घड्याळ पाहत होतो. अकरा मिनिटं झाली तेव्हा उजवा डोळा पूर्ण झाला, आणि तेव्हाच मला तिची तर्जनी दिसली. पेरापर्यंत पांढरी. पाठोपाठ मधलं बोट.

मी म्हणालो, “ताई, पुरे. ऊठ.”

तिने मान हलवली. एक डोळा झाला होता. उठलं तर ती मूर्ती तशीच राहणार, आणि पुन्हा तिच्यापुढे मूर्ती ठेवली जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने ब्रश रंगात बुडवला. ब्रश बोटांतून निसटून पाटावर पडला. तिने तो उचलला. तो पुन्हा पडला.

मी अण्णांकडे पाहिलं. “यात तिचं बोट जाईल, अण्णा. रिवाज मोडा, नाहीतर मी हात धरून उठवतो.”

अण्णा उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेचं गंगाळ होतं, वाफ निघणारं. त्यांनी ते ताईच्या मांडीशेजारी ठेवलं. मग स्वतः खाली बसून त्यात आपलं कोपर बुडवलं. गरम वाटलं म्हणून गार पाणी ओतलं, पुन्हा कोपर बुडवून पाहिलं.

“घाल हात,” ते म्हणाले. “मधी उठायचं नाय, असा रिवाज हाय. पाण्यानं हितं यायचं नाय, असा रिवाज नाय.”

ताईने हात पाण्यात घातले. सात मिनिटं ती तशीच बसून राहिली, मूर्तीकडे बघत. बोटं निळसर झाली, मग लाल. तिने ती पदराला कोरडी केली आणि ब्रश उचलला.

डावा डोळा चौदा मिनिटांत झाला.

त्या वर्षी तिने रोज एक मूर्ती केली, काही दिवशी एकही नाही. गंगाळ रोज भरून ठेवलेलं असायचं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात गारठ्याने बोटं रंग बदलत असतील, तर कारण आधी ठरवून टाकू नका. ज्याच्या-त्याच्या धंद्यात पांढऱ्या बोटांचं कारण तयार असतं, आमच्याकडे प्लास्टर होतं. थंड पाण्याची वाटी कोणत्याही घरात असते. निदान झालं असेल तर रक्तदाबाची वही ठेवा. ताई जिवंत आहे ती त्या वहीमुळे, एका गोळीमुळे आणि फोन करायला उशीर न लावणाऱ्या पेणच्या डॉक्टरांमुळे. अण्णांचे आभार मी मानले तेव्हा ते म्हणाले, आखणीवाल्याचे हात हे कारखान्याचे असतात, त्यात आभार कसले. तरी ते इथे मानून ठेवतो.

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. मॅडमनी हाताची पाठ दाबून पाहिली. कातडी सैल झालेली नव्हती, आणखी घट्टही झालेली नव्हती. क्रिएटिनिन एक पूर्णांक सात.

“मग? किती झाल्या?” त्यांनी विचारलं.

“चौदा.”

“आणि पुढच्या वर्षी?”

ताईने टेबलावरची आपली फाइल दोन्ही वाकड्या हातांनी उचलली आणि छातीशी धरली.

“तुमी मला किती वर्सं चालवणार ते आधी सांगा, मॅडम. मी त्याच्या हिशेबानं मूर्ती धरते.”